प्रश्न किनाऱ्याचे : फिलिपिनो जाहिराती, त्यांची घरं आणि आपली दुकानं

बोटीवर किंवा आखातातल्या इस्पितळांत फिलिपिनो माणसांसोबत काम करणारे लोक कोकणात घरोघरी आहेत. त्यांच्या जाहिराती, टीव्ही आणि मोबाइलवरचा बाजार याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं आम्ही मागच्या अंकात म्हटलं होतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून काही इथे घेतले आहेत. मालवणच्या बचतगटाला जागा जास्त दिली आहे, कारण त्यांच्या प्रश्नात हाताने करायचं काम जास्त आहे.

प्रश्न : आमच्या बोटीवर निम्म्याहून जास्त फिलिपिनो आहेत. मेसमध्ये कुणीतरी तीन मिनिटांची जाहिरात लावतो आणि दांडगा फिटरसुद्धा डोळे पुसतो. तळलेल्या कोंबडीच्या दुकानाची जाहिरात, त्यात रडण्यासारखं काय असतं?
एक खलाशी, जयगड

उत्तर : तुम्ही पाहिलेली जाहिरात बहुधा जोलिबीची असावी. जोलिबी ही त्यांची घरची साखळी. १९७५ मध्ये मनिलाजवळच्या कुबाओ भागात आइस्क्रीमचं दुकान म्हणून सुरू झाली आणि १९७८ पासून या नावाने चालते. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॅलेंटाइनच्या आधी त्यांनी तीन छोट्या गोष्टी इंटरनेटवर सोडल्या आणि त्या देशभर पसरल्या. एका गोष्टीत लहान मुलगा आईला त्या दिवशी दुकानात घेऊन येतो. टेबलावर वडिलांचा निरोप असतो. वडील हयात नाहीत हे बघणाऱ्याला उशिरा उमगतं. कोंबडी कुरकुरीत आहे असं कुणी एकदाही म्हणत नाही. दुकान म्हणजे माणसं भेटण्याची जागा, इतकंच ते काम करतं.

तुमचा फिटर का रडतो याचं उत्तर मात्र त्याच्या पगाराच्या चिठ्ठीत आहे. फिलिपिनो खलाशाच्या मूळ पगारातला किमान ८० टक्के भाग दरमहा घरी गेलाच पाहिजे, असा तिथला नियम आहे. म्हणजे कमावणारा समुद्रावर आणि खर्च करणारा हात घरी. पैसे पाठवणाऱ्या कंपन्या, मोबाइल कंपन्या, दूधपावडर, नूडल्स या सगळ्यांचं खरं गिऱ्हाईक घरची बायको, आई किंवा मोठी बहीण असते. पण तिला पटवायचं तर जो घरी नाही त्याची आठवण मध्ये यावी लागते. म्हणून या जाहिरातींत एक खुर्ची रिकामी असते, फोनवर एक चेहरा असतो किंवा दारात एक खोका येतो. तो खोका म्हणजे बालिकबायान बॉक्स. बालिक म्हणजे परतणं, बायान म्हणजे आपला देश, आपलं गाव. परदेशातल्या माणसाने साबण, चॉकलेट, बूट भरून पाठवलेल्या अशा खोक्यांना वर्षातून तीन वेळपर्यंत, एकूण दीड लाख पेसोंच्या मर्यादेत जकात माफ आहे. गिरणगावातून मनीऑर्डर आणि मे महिन्यात ट्रंक घेऊन येणारा चाकरमानी ज्यांच्या घराने पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढच्या वेळी कानही द्या. मोठ्या भावाला कुया, मोठ्या बहिणीला आते, आजोबा-आजीला लोलो-लोला, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्यात 'पो' हा एकाक्षरी आदरशब्द. तो शब्द कुठे लागतो आणि कुठे गळतो, यावर घरातलं नातं कळतं. आपल्याकडे 'अहो' आणि 'अरे' यांवर कळतं तसंच.

प्रश्न : त्यांच्या नाताळच्या जाहिराती सप्टेंबरातच सुरू होतात म्हणे. एवढ्या लवकर कशाला?
मंडणगड

उत्तर : सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. चौघांच्याही इंग्रजी नावांचा शेवट 'बर', म्हणून ते 'बर-मंथ्स'. १ सप्टेंबरपासून दुकानांत आणि रेडिओवर नाताळची गाणी वाजू लागतात. यामागे हौस आहे तसा हिशेबही आहे. १९७५ च्या अध्यक्षीय आदेश ८५१ प्रमाणे मालकाने कामगाराला तेरावा पगार २४ डिसेंबरच्या आत द्यायचा असतो. हा पैसा हातात पडण्याआधीच घरात त्याची वाटणी ठरते, आणि जाहिरातीला त्या ठरवाठरवीच्या वेळी घरात असावं लागतं.

आपल्याकडे हाच हिशेब गणपतीला लागू होतो. मोदकाचं पीठ, घरगुती जेवण, गाडी किंवा खोली विकणारे बहुतेक जण चतुर्थीच्या आठवडाभर आधी फलक लावतात. तोवर चाकरमान्याचा खर्च ठरलेला असतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिकीट काढायला ज्या रात्री मुंबईतलं घर एकत्र बसतं, त्या आठवड्यात तुमचा दरफलक त्यांच्या फोनवर पोचायला हवा. दुसऱ्यांदा पाठवायचा तो निघण्याच्या पाच-सहा दिवस आधी, आणि त्यात फक्त फोन नंबर आणि काय शिल्लक आहे एवढंच.

प्रश्न : आमचा बारा जणींचा बचतगट आहे. आमसुलं, आगळ, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ करतो. आखातात नर्स असलेली आमच्यातल्या एकीची मुलगी सांगते की फिलिपिनो बाया फेसबुकवर लाइव्ह येऊन 'माइन, माइन' करत शेकडो वस्तू विकतात. आम्हांला ते जमेल का? नेमकं कसं करायचं?
मालवण

उत्तर : जमेल. पण तिची नक्कल जशीच्या तशी केलीत तर पहिल्याच रात्री भांडण होईल. कारण आधी सांगतो.

तिथे ही रीत जुन्या कपड्यांना चपखल बसते. त्या बाजाराला उकाय-उकाय म्हणतात. हुकाय म्हणजे खणणं, उकरणं. ढिगातून उकरून काढलेला प्रत्येक कपडा एकुलता एक. बाई कपडा धरते, नंबर आणि किंमत सांगते, आणि खाली ज्याचं 'माइन', म्हणजे इंग्रजीत 'माझं', आधी पडेल त्याचा तो. शर्यत खरी असते. तुमच्या आगळाच्या चाळीस बाटल्या एकसारख्या. तिथे 'पहिला कोण' याला अर्थ नाही, 'किती' याला आहे. म्हणून शब्द लिहायला सांगूच नका. कुणी माझं लिहील, कुणी माइन, कुणी रोमन अक्षरांत. नंबर आणि नग एवढंच मागा : १४-२, म्हणजे चौदा नंबरच्या वस्तूचे दोन.

माल आधी मोजून मांडा. वस्तू तीसपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकीला तीन मिनिटं धरली तरी दीड तास होतो आणि त्यापुढे लोक उठतात. नंबर तळहाताएवढ्या कागदावर जाड पेनने लिहा. सगळ्यात खपणारी वस्तू आधी काढू नका. पहिली दहा मिनिटं माणसं येतच असतात, तेव्हा पीठ दाखवा. मसाला विसाव्या मिनिटाच्या पुढे.

तिघी लागतात. एक बोलणारी, एक लिहिणारी, एक वस्तू हातात देणारी. बोलणारीने वहीला हात लावायचा नाही. लिहिणारीच्या वहीत सहा रकाने : वेळ, नाव, नंबर, नग, रक्कम, पैसे आले का. चित्र लोकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोचतं, प्रत्येकाचा उशीर वेगळा असतो, आणि म्हणून प्रत्येकाला वाटतं की आपणच आधी लिहिलं. यावर उपाय एकच. लिहिणारीच्या फोनवर जो क्रम दिसेल तोच धरायचा, आणि हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगायचं. किंमत सांगून झाली की मनात दहा आकडे मोजा आणि मगच 'चौदा बंद' म्हणा.

फोनचा मागचा कॅमेरा वापरा, स्टँडवर. पुढच्या कॅमेऱ्यात अक्षरं उलटी दिसू शकतात आणि चित्रही कमी स्वच्छ येतं. उजेड समोरून हवा. डोक्यावरची ट्यूब बाटलीवर चमकते आणि आगळ काळं दिसतं. बाटलीमागे पांढरा कागद धरा, किंवा काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन चमचे ओता. तो रंगच विकतो. मसाल्याचा लाल फोनमध्ये भडक होतो, मग घरी पोचल्यावर 'दाखवलेला वेगळा होता' अशी तक्रार येते. तो पांढऱ्या ताटलीत, शेजारी हळकुंड ठेवून दाखवा म्हणजे डोळ्याला अंदाज येतो.

नेटवर्क आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी तपासा. वर जाणारा वेग चार-पाच एमबीपीएस असेल तर पुरे. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन जवळ ठेवा. वीज गेली आणि तुटलं तर नव्याने सुरू करताना पहिलं वाक्य हे : 'नऊपर्यंत बंद झालं, आता दहा.' सगळं पुन्हा पहिल्यापासून घेऊ नका, ज्यांनी मागितलं आहे ते गोंधळतात.

आता पैसे. फिलिपिन्समध्ये 'माइन' लिहून गायब होणाऱ्याला जॉय माइनर म्हणतात. घरी पोचवून पैसे घेण्याची पद्धत तिथे रुळलेली, त्यामुळे पार्सल परत येतं आणि दोन्हीकडचं भाडं बाईच्या माथी बसतं. तुमच्याकडे यूपीआय आहे, त्याचा फायदा घ्या. त्याच रात्री दहापर्यंत पैसे आले नाहीत तर नग पुढच्या नावाला जाईल असं सांगा, आणि वहीत प्रत्येक नंबरखाली पुढची दोन नावं लिहून ठेवा. पैसे भरल्याच्या फोटोवर माल बांधू नका. खोटे फोटो सहज बनतात. बँकेच्या नोंदीतला बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, जुळला की मगच बांधा.

पाठवण्याचा खर्च विक्रीच्या आधी सांगायचा, नंतर नाही. एक लिटर आगळ बाटली-पेटीसकट दीड किलोच्या आसपास जातं आणि कुरिअरचा दर वजनाच्या टप्प्याने चढतो. द्रव माल विमानाने पाठवायला बरेच कुरिअर नकार देतात, म्हणून रस्त्याने जाणारं पार्सल आधीच ठरवा. बाटली पेट प्लास्टिकची, तोंडाला फॉइल सील, वर झाकण, वर चिकटपट्टी, मग पिशवी, मग कोरुगेटेड खोका. आगळ मिठामुळे टिकतं. साखरेचं कोकम सरबत मात्र उन्हात आंबतं, बाटली फुगते आणि वाटेत सुटते, तेव्हा मे महिन्यात ते लाइव्हवर आणूच नका. आमसुलं पावसाळी हवेत पाणी धरतात. कोरड्या दुपारी, दुहेरी पिशवीत भरा. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून चौदा अंकी क्रमांक, वजन आणि भरल्याची तारीख प्रत्येक पाकिटावर असू द्या. लाइव्हमध्ये तो क्रमांक दाखवायला पाच सेकंद लागतात आणि अनोळखी गिऱ्हाइकाचा धीर वाढतो.

एक गोष्ट त्यांच्याकडून खरोखर उचलावी. चांगली फिलिपिनो विक्रेती आलेल्या प्रत्येकीचं नाव घेते : आते अमुक, जेवलीस का, मागच्या वेळचा ड्रेस बसला का. ठरलेल्या गिऱ्हाइकाला तिथे सुकी म्हणतात. गंमत अशी की ठरलेल्या विक्रेत्यालाही सुकीच म्हणतात. शब्द दोन्ही बाजूंना लागतो, कारण बांधिलकी दोन्ही बाजूंची. तुमच्या मालवणीत नाव घेऊन चौकशी करायला कुणी शिकवायची गरज नाही. फक्त बोलणारीला तेवढा वेळ ठेवा.

प्रश्न : त्यांचं सगळं फेसबुकवरच का चालतं? आपल्यासारखं नाही का?
रोहा

उत्तर : तिथल्या मोबाइल कंपन्यांनी फेसबुक वर्षानुवर्षं फुकट किंवा जवळपास फुकट दिलं. डेटा संपला तरी फेसबुक चालू राहायचं. भारतात ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्राय या दूरसंचार नियामकाने एका सेवेला वेगळा दर लावायला बंदी घातली, त्यामुळे आपल्याकडे ती वाट बंद झाली. याचा जाहिरातीवर थेट परिणाम झाला. फुकटच्या फेसबुकवर फोटो आणि व्हिडिओ उघडायचे नाहीत, नुसता मजकूर दिसायचा. म्हणून तिथला शहाणा विक्रेता किंमत, आकार, ठिकाण, सगळं मजकुरात लिहितो, चित्रावर सोडत नाही. आणि याच कारणाने मथळा वाचून बातमी पुढे ढकलण्याची सवयही वाढली. आतली बातमी उघडायला पैसे पडायचे. अफवांनी त्या समाजाचं जे नुकसान केलं त्यात या फुकट फेसबुकचा वाटा आहे, हे आम्ही ठामपणे म्हणतो.

प्रश्न : आंबापोळी आणि फणसपोळी जयगड-दिघीला येणाऱ्या फिलिपिनो खलाशांना विकावी असा विचार आहे. पाकीट कसं असावं? त्यावर 'रोगप्रतिकारक' असं छापलं तर खप वाढेल का?
देवगड

उत्तर : बंदराच्या फाटकातून आत शिरून कुणालाही विकता येत नाही. जहाजाला सामान पुरवणारे शिप चँडलर असतात, त्यांच्यामार्फत जा. ते नमुना आणि घाऊक दर मागतील.

पाकिटाचं उत्तर एका शब्दात आहे : पासालुबोंग. प्रवासाहून परतणाऱ्याने घरच्यांसाठी आणायची भेट. सालुबोंग म्हणजे सामोरं जाऊन भेटणं. ही भेट एकट्या बायकोला नसते. भावंडं, शेजारी, लेकराची शिक्षिका, प्रत्येकाला काहीतरी द्यावं लागतं. म्हणून एक किलोचं देखणं पाकीट पडून राहतं आणि शंभर ग्रॅमची दहा पाकिटं एका पिशवीत घातली की उचलली जातात. बाहेरची पिशवी अशी हवी की दहा पाकिटं सुटी करून वाटता येतील, आणि प्रत्येक सुट्या पाकिटावर पूर्ण माहिती छापलेली असेल.

चवीचीही अडचण आहे. त्यांच्याकडे सेबूचा सुका आंबा प्रसिद्ध. तो फोडींचा, मऊ आणि गोड. 'सुका आंबा' असं वाचून त्याने पाकीट उघडलं आणि आत चामड्यासारखी घडी निघाली तर तो फसवल्यासारखा होतो. समोरच कापलेल्या वडीचा फोटो द्या आणि रस वाळवून केलेली पोळी असं साध्या इंग्रजीत लिहा. इंग्रजी त्यांना चालतं. घड्यांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर बोटीच्या उष्ण गोदामात पोळ्यांचा गोळा होतो. आंबटाची त्यांना आवड आहे. कच्चा आंबा ते बागोओंगबरोबर खातात, म्हणजे मिठात मुरवलेल्या कोळंबीच्या चटणीबरोबर. सुकटीच्या चटणीवर वाढलेल्या माणसाला ही जोडी परकी वाटू नये. कमी साखरेची आंबट पोळी नमुन्यात जरूर ठेवा.

'रोगप्रतिकारक' छापू नका. फिलिपिन्समध्ये पूरक आहाराच्या जाहिरातीत एक वाक्य बंधनकारक आहे, आणि ते तिथल्या पोरासोरांना पाठ असतं : 'माहालागांग पाआलाला : आंग अमुक आय हिंदी गामोत आत हिंदी दापात गामितिंग पांगगामोत सा आनुमांग उरी नांग साकित.' त्यातला 'हिंदी' म्हणजे भाषा नव्हे. त्यांच्या भाषेत हिंदी म्हणजे नाही. अर्थ असा : महत्त्वाची सूचना, हे औषध नाही आणि कोणत्याही आजारावर औषध म्हणून वापरू नये. ज्या गिऱ्हाइकाच्या कानावर हे वाक्य रोज पडतं, त्याला पाकिटावरचा दावा संशयास्पद वाटतो. आपल्याकडेही २०१८ चे एफएसएसएआयचे जाहिरात आणि दावे यांबाबतचे नियम आहेत, आणि रोग बरा करण्याच्या दाव्यांवर १९५४ चा जादुई उपचारांविरुद्धचा कायदा. आंबा, साखर, वजन, तारीख, देवगड. तेवढं पुरतं.

प्रश्न : माध्यमशास्त्राचा विद्यार्थी आहे. फिलिपिन्सच्या टीव्हीवर अभ्यास करायचा तर कुठून सुरुवात करावी?
सावंतवाडी

उत्तर : दुपारपासून. आपला टीव्ही संध्याकाळी सातनंतर तापतो, त्यांचा भर दुपारी बाराला. 'ईट बुलागा' हा दुपारचा कार्यक्रम ३० जुलै १९७९ पासून चालू आहे. गाणी, खेळ, विनोद, आणि एखाद्या वस्तीत घुसून गरीब घराला पैसे आणि वस्तू देणं. वस्तू अर्थातच जाहिरातदारांच्या. घरोघरी जाऊन वहिनींना पैठणी देणारा मराठी कार्यक्रम आठवा म्हणजे अंदाज येईल.

याच कार्यक्रमात जुलै २०१५ मध्ये एक प्रेमकथा योगायोगाने जन्मली. आल्डन रिचर्ड्स स्टुडिओत, मेन मेंडोझा बाहेरच्या वस्तीत, पडद्याचे दोन भाग, आणि दोघं दुसऱ्यांच्या आवाजावर ओठ हलवत एकमेकांशी बोलायचे. प्रत्यक्ष भेट नाही. पुरुषाने रंगवलेली एक कडक लोला त्यांना सारखी अडवायची : 'सा तामांग पानाहोन', योग्य वेळ आली की. २४ ऑक्टोबर २०१५ ला फिलिपाइन अरिनात खास कार्यक्रम झाला आणि त्या दिवसाच्या हॅशटॅगवर सुमारे ४ कोटी १० लाख ट्वीट पडले. जाहिरातदारांनी या जोडीला डोक्यावर घेतलं. आजी अडवते म्हणून प्रेम वाढतं, आणि प्रेम लांबतं म्हणून जाहिराती वाढतात. ही रचना नीट उलगडलीत तर निम्मा प्रबंध झाला.

मग वाहिन्यांची नावं बघा. एबीएस-सीबीएन प्रेक्षकाला कापामिल्या म्हणते, म्हणजे आपल्या घरातला. जीएमए म्हणते कापुसो, एका काळजाचा. टीव्ही फाइव्ह म्हणते कापातिद, भावंड. घरं वाटून घेतल्यासारखं आहे हे, आणि लोक अमुक घराणं कापुसो असं खरोखर बोलतात. ५ मे २०२० रोजी एबीएस-सीबीएनचं प्रक्षेपण बंद पडलं. तिथे वाहिनीला संसदेच्या कायद्याने परवाना लागतो. त्यांचा २५ वर्षांचा परवाना आदल्या दिवशी संपला होता आणि १० जुलैला संसदीय समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवा नाकारला. देश टाळेबंदीत असताना, वादळं येण्याच्या दिवसांत, दूरच्या बेटांवरच्या लोकांची बातमी तुटली. हे त्या देशाचं मोठं नुकसान होतं. कंपनी मग इंटरनेटवर आणि इतरांच्या वाहिन्यांवर गेली. एप्रिल २०२४ मध्ये तिचा दुपारचा कार्यक्रम चक्क जीएमएवर दिसू लागला. जुन्या प्रेक्षकांना ते पचायला वेळ लागला.

दोन नियमही टिपून ठेवा. त्यांच्या १९८७ च्या संविधानाप्रमाणे प्रसारमाध्यमं पूर्णपणे फिलिपिनो मालकीची हवीत, आणि जाहिरात कंपनीत किमान ७० टक्के मालकी फिलिपिनो हवी. दुसरं, तिथली अ‍ॅड स्टँडर्ड्स कौन्सिल दावा करणारी जाहिरात प्रसारणाआधी तपासते. 'क्रमांक एक' म्हणायचं तर पुरावा आधी. मुंबईची आपली एएससीआय ही तशीच परिषद १९८५ पासून आहे, पण ती मुख्यतः जाहिरात आल्यावर हात घालते.

प्रश्न : निसर्ग वादळात आमच्या नाक्यावरची होर्डिंग्ज उडाली. फिलिपिन्सला दरवर्षी वादळं. ते काय करतात?
श्रीवर्धन

उत्तर : ते कापड उतरवतात. मनिलातल्या एड्सा या सुमारे २४ किलोमीटरच्या रस्त्यावर होर्डिंग्जची रांग आहे. २८ सप्टेंबर २००६ च्या मिलेन्यो वादळात त्यातली कित्येक कोसळली. आता इशारा आला की कापड गुंडाळून खाली घेतात आणि नुसता सांगाडा उभा राहतो.

हिशेब करून बघा. वाऱ्याचा दाब, न्यूटन प्रति चौरस मीटर, हा ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंद. २० बाय १० फुटांचा फलक म्हणजे १८.६ चौरस मीटर. ताशी ६० किलोमीटर वाऱ्यात त्यावर साधारण ३१५ किलोचा भार येतो. वेग दुप्पट, ताशी १२० झाला की भार चौपट, सव्वा टनाच्या वर. फलकाच्या चपट्या आकारामुळे प्रत्यक्षात तो आणखी चढतो. कापड काढलं की यातला बहुतेक भार जातो. वारा जावा म्हणून फ्लेक्सला चिरा पाडणं हा उपाय नाही. भार फारसा घटत नाही आणि कापड त्या चिरेवरून फाटून विजेच्या तारांवर जातं.

म्हणून फ्लेक्स खिळ्यांनी ठोकू नका. कडेला पितळी डोळे पाडून दोरीने ओवा, म्हणजे दोन माणसं अर्ध्या तासात सोडू शकतात. हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला की उतरवायचं, पाऊस सुरू होण्याची वाट बघायची नाही. ओल्या शिडीवर चढवून माणूस घालवू नका. किनाऱ्यावरची खारी हवा पायाच्या प्लेटचे बोल्ट आतून खाते, वरचा रंग शाबूत दिसतो. दर ऑक्टोबरात एकेक बोल्ट सोडवून बघा. जांभ्यात खड्डा घेऊन खांब नुसता पुरला असेल तर जांभा कडेने झिजतो आणि खांब हलू लागतो. तिथे काँक्रीटचा पाया लागतोच. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पडलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, मुंबईत परवानगी ४० बाय ४० ची. सतरा माणसं गेली.

प्रश्न : किराणा दुकान आहे. एक कंपनी फुकट बोर्ड लावून देते म्हणते. फिलिपिन्सच्या गल्लीतल्या दुकानांवर असे बोर्ड फोटोंत बघितलेत. घ्यावा का?
गुहागर

उत्तर : ती दुकानं म्हणजे सारी-सारी. घराच्या खिडकीतून विक्री, समोर जाळी, वर शीतपेयाचं मोठं चिन्ह आणि कोपऱ्यात मालकिणीचं नाव. माल तिंगी, म्हणजे सुटा : एक पुडी शाम्पू, लसणाच्या चार पाकळ्या. रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला तेच परवडतं. कचरा मात्र भयंकर होतो. गाया या पर्यावरण संघटनेच्या २०१९ च्या अहवालात फिलिपिन्समध्ये दिवसाला १६ कोटींहून अधिक पुड्या वापरल्या जातात असा अंदाज दिला आहे. पुड्यांच्या माळा जशा त्यांच्या जाळीवर तशाच तुमच्या दारावर, आणि रिकाम्या पुड्या पऱ्ह्यातून खाडीत. दुकानासमोर एक पिंप ठेवलंत तरी गावावर उपकार होतील.

बोर्ड घ्या, पण चार गोष्टी लिहून घ्या. दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत, आणि इतर कोणत्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. राज्याच्या कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे सर्व दुकानांना बंधनकारक आहे आणि दंड कंपनीला नाही, तुम्हांला होतो. आत दिवे असतील तर वीज कुणाची, ते ठरवा. ग्रामपंचायतीची काही फी लागत असेल तर ती कुणी भरायची, तेही. आणि दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायला मनाई करणारी ओळ करारात आहे का, ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. ती ओळ असेल तर बोर्ड फुकट नाही. वादळात उडाला तर पुन्हा कोण लावणार, हे विचारून घ्या आणि मगच सही करा.